उजेडाकडे चालणारा दोन मोटरींचा किडा: अंधुक उजेडात हलतो, ट्यूबलाइटखाली नुसता थरथरतो

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मी नाशिकला माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. माझा भाचा नववीत आहे. सर्किटचं वेड त्याचं, डाग द्यायचं (सोल्डरिंगचं) काम माझं. गेल्या वर्षी आम्ही काळ्या रेघेवरून जाणारी चाकांची गाडी केली होती. आता पायांनी चालणारा आणि उजेडाच्या दिशेने जाणारा रोबो करायला घेतलाय. मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम भरायची चिप) वापरायचा नाही, ही भाच्याची अट आहे. मला ती मनापासून पटली आहे, कारण सर्किटमधला प्रत्येक भाग काय करतो ते त्याला बोट ठेवून सांगता यायला हवं.

आतापर्यंत झालेलं काम सांगते. एसजी-९० सर्वो (गिअर आणि कंट्रोल बोर्ड असलेली छोटी मोटर) दोन घेतले, आतला छोटा बोर्ड काढला आणि मोटरच्या टोकांना थेट वायरी जोडल्या. आयसी ७४एचसी२४०. तिच्यातले चार इन्व्हर्टर (इनपुटच्या उलट आउटपुट देणारे भाग) वापरून दोन जोड्या केल्या. पहिली जोडी पुढच्या पायांसाठी, दुसरी मागच्या. पहिलीच्या आउटपुटवरून दुसरीला दोन रेझिस्टर जातात. आयसीच्या ताकदीवर मोटरी फिरेनात म्हणून मध्ये एल२९३डी ही ड्रायव्हर चिप टाकली, ती मोटरला जास्त करंट देते. ट्रिपल-एचे चार रिचार्जेबल सेल. पाय सायकलच्या स्पोकचे.

पहिल्या जोडीच्या दोन इनपुटांमध्ये एक रेझिस्टर लागतो. त्या जागी आम्ही दोन एलडीआर (उजेड वाढला की रेझिस्टन्स कमी होणारे रेझिस्टर) एकापुढे एक जोडले, एक डावा डोळा, एक उजवा.

आता गंमत बघा. ट्यूबलाइटखाली ठेवला की किडा जागच्या जागी थरथरतो, मोटरी गुणगुणतात. ट्यूब घालवून लांबवर झीरोचा बल्ब लावला की पाय मागेपुढे व्हायला लागतात. टॉर्च डाव्या डोळ्यावर मारा की उजव्या, वळत कुठेच नाही, थरथर तेवढी वाढते. आणि पाय हलतात तेव्हाही अंग पुढे सरकत नाही, जागेवर डुलतो.

मीटरने सगळे डाग तपासले आहेत. जाणकारांनी कृपया सांगावं, कुठे बघू?

कळफलक

चांगला उपक्रम आहे. पण अर्दुइनो नॅनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घेतलात तर सर्वोचा बोर्डही काढावा लागणार नाही. दोन एलडीआर दोन अॅनालॉग पिनांवर, त्यांचा फरक काढायचा, त्यावरून सर्वोचा कोन. एका संध्याकाळचं काम आहे. कोड हवा असेल तर देतो.

सोल्डरगंध

ताई, जोडणी तुमची बरोबर आहे. रोग एकाच ठिकाणी आहे, एलडीआरमध्ये. थरथर तिथूनच येते आणि न वळणंही तिथूनच.

माझा धंदा रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा, कोल्हापुरात. दुकानाचं शटर ओढलं की मी हे किडे घेऊन बसतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, राग मानू नका.

आधी थरथर. तुमचे दोन इन्व्हर्टर एकमेकांकडे तोंड करून बसलेत. पहिल्याचं आउटपुट कंडेन्सरमधून दुसऱ्याच्या इनपुटला, दुसऱ्याचं पहिल्याच्या. सी-सॉवर बसलेल्या दोन पोरांसारखं, एक वर तर दुसरा खाली. कंडेन्सरमधला भार मधल्या रेझिस्टरमधून हळूहळू पलीकडे जातो, आणि इनपुट सप्लायच्या निम्म्याच्या आसपास पोचलं की बाजू पालटते. किती वेळाने पालटायचं ते रेझिस्टर आणि कंडेन्सरच्या गुणाकारावर ठरतं. कंडेन्सर ०.२२ मायक्रोफॅरडचा असेल (अंगावर २२४ छापलेला असतो), तर पायाला मानवेल असा ताल यायला मध्ये साधारण १ ते २.२ मेगाओम लागतात.

आता तुमचा एलडीआर बघा. दुकानात बहुतेक जीएल५५२८ मिळतो. १० लक्स म्हणजे अगदी मिणमिणत्या उजेडात तो १० ते २० किलोओम असतो. ट्यूबलाइटखाली त्याच्याही खूप खाली जातो. म्हणजे लागतात मेगाओम आणि मिळतात काही किलोओम, ताल शंभर-दोनशेपट वाढला. मोटर एका बाजूला निघायच्या आत तिला उलट फिरायचा हुकूम येतो. ती बिचारी गुणगुणणार नाहीतर काय करणार? झीरोच्या बल्बाला तोच एलडीआर शेकडो किलोओमवर चढतो, ताल खाली येतो आणि पाय दिसायला लागतात.

न वळण्याचं कारण त्याहून महत्त्वाचं आहे, आणि भाच्याला ते कागदावर काढून दाखवाच. एलडीआरमधून करंट दोन्ही दिशांनी सारखाच जातो. दोन एलडीआर एकापुढे एक जोडले की सर्किटला फक्त त्यांची बेरीज कळते. डावा ५ आणि उजवा ५०, किंवा डावा ५० आणि उजवा ५, बेरीज ५५च. डावं-उजवं हा भेदच सर्किटपर्यंत पोचत नाही. तुम्ही कितीही टॉर्च मारा.

तिथे फोटोडायोड पाहिजे. बीपीडब्ल्यू३४ घ्या, दोन. दोन्हींचे कॅथोड (डायोडचं ऋण टोक) एकमेकांना जोडा आणि उरलेली दोन टोकं सर्किटला. अशा जोडीत करंट कुठल्याही दिशेने जायला लागला की एक डायोड सुलटा असतो, तो वाट देतो. दुसरा उलटा असतो, तो त्याच्यावर पडलेल्या उजेडाएवढाच करंट सोडतो. पुढच्या पाळीला भूमिका बदलतात. म्हणजे तालाचा अर्धा भाग डाव्या डोळ्याच्या ताब्यात आणि अर्धा उजव्याच्या. डाव्यावर उजेड जास्त पडला की एक अर्ध लवकर संपतं, दुसरं लांबतं. पुढचे पाय एका बाजूला जास्त वेळ ढकलतात आणि किडा वळतो. दोन डायोडांमध्ये एवढी अक्कल आहे. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी रात्रभर झोपलो नव्हतो.

फक्त बीपीडब्ल्यू३४ फार तिखट आहे. घरातल्या उजेडातही तो आपल्याला हव्या त्यापेक्षा कितीतरी पट जास्त करंट देतो, आणि मग परत तीच थरथर. म्हणून त्याच्या पारदर्शक तोंडावर काळी इन्सुलेशन टेप लावा आणि मधोमध सुईने बारीक भोक पाडा. भोक लहान-मोठं करून दोन्ही डोळे सारखे करता येतात. डायोडांच्या जोडीला सिरीजमध्ये १ मेगाओम टाका आणि हे सगळं मिळून २.२ मेगाओमच्या एका रेझिस्टरला पॅरलल जोडा. अंधारात २.२ मेगाओम एकटा ताल धरतो, किडा हळू पण चालत राहतो. उजेड वाढला की चाल वाढते. आणि कितीही प्रखर उजेड आला तरी १ मेगाओममुळे थरथरीपर्यंत जात नाही. उजेडाकडे जायच्या ऐवजी पळायला लागला तर दोन डोळ्यांची अदलाबदल करा, बाकी काही नको.

दुसऱ्या जोडीला स्वतःचा मधला रेझिस्टर ठेवायचा नाही. पहिलीच्या आउटपुटवरून येणारे दोन रेझिस्टर हेच तिचे रेझिस्टर. मागचे पाय पुढच्यांच्या किती मागून हलायचे ते त्यांवर ठरतं. कंडेन्सर इथेही ०.२२ आणि रेझिस्टर ४७० किलोओमपासून सुरू करा. डाग देऊ नका, आयसी बेसची पट्टी तोडून तिच्यात खोचा, म्हणजे बदलत बसता येतं.

आयसीचं एवढं बघून घ्या: पिन १ आणि १९ ग्राउंडला हव्यात, नाहीतर आउटपुट झोपलेलं राहतं. न वापरलेली इनपुटं ग्राउंडला किंवा प्लसला बांधा, अधांतरी सोडू नका. पिन २० आणि १० ला लागून ०.१ मायक्रोफॅरड.

एल२९३डी काढाच. जुनी चिप आहे, आत साधे ट्रान्झिस्टर आहेत, वरच्या-खालच्या मिळून दोन व्होल्टच्या वर स्वतःच खाते. तुमच्या ४.८ व्होल्टमधले मोटरला जेमतेम निम्मे पोचतात. डीआरव्ही८८३३चं छोटं मोड्यूल घ्या, त्यात मॉसफेट (वेगळ्या जातीचे ट्रान्झिस्टर) आहेत, ते स्वतः नगण्य व्होल्ट खातात. जोडीची दोन आउटपुटं कायम एकमेकांच्या उलट असतात, ती तशीच त्याच्या दोन इनपुटांना लावायची. मोड्यूलवर एसएलपी किंवा ईईपी लिहिलेली पिन असते, ती प्लसला जोडल्याशिवाय ते जागं होत नाही.

एक गोष्ट पावसाळ्यातली. आपण मेगाओममध्ये काम करतोय. बोर्डावर डाग दिल्यावर राहिलेली राळ आणि बोटांचा घाम दमट हवेत ओलसर होतात आणि त्यांच्यातूनच करंट पाझरतो. मग दुपारी एक ताल आणि संध्याकाळी दुसरा. जुन्या टूथब्रशने आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावून बोर्डाची खालची बाजू घासून घ्या आणि पंख्याखाली वाळवा.

आता कळफलक साहेबांना. तुमचा उपाय चालेल, त्यात शंका नाही. पण ताईंच्या भाच्याने जी अट घातली आहे तिच्यामागे मोठी परंपरा आहे. ग्रे वॉल्टर या शास्त्रज्ञाने ब्रिस्टलमध्ये १९४८-४९च्या सुमारास दोन यांत्रिक कासवं केली, एल्मर आणि एल्सी. चाकांवरची होती, पण मेंदू म्हणाल तर जुन्या रेडिओत असायचे तसले दोन व्हॉल्व्ह. फोटोसेल उजेड शोधायचा, कासव तिकडे जायचं. फार प्रखर दिवा दिसला तर मागे फिरायचं, आणि बॅटरी उतरली की तोच प्रखर दिवा त्याला हवासा वाटायचा, कारण चार्जिंगच्या खोपट्यात तो लावलेला असायचा. पुढे कॅनडातल्या मार्क टिल्डनने १९८९ साली रोबोंवर संशोधन करणाऱ्या रॉडनी ब्रूक्स यांचं भाषण ऐकलं आणि संगणक बाजूला ठेवून किडे करायला घेतले. तुम्ही जे सर्किट जोडलंय ते त्याच घराण्यातलं. १९९४ साली त्याला या प्रकारच्या सर्किटांचं पेटंट मिळालं, लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत असताना. २००४ मध्ये खेळण्यांच्या दुकानात आलेला रोबोसेपियन हा रोबोही त्याचाच.

टिल्डनच्या किड्यांत मोटर थेट आयसीवरून चालायची. पाय दगडाला अडला की मोटरवर ताण यायचा, तो ताण आउटपुटवर उमटायचा आणि ताल आपोआप बदलायचा. पायाखालची जमीन मेंदूला जाणवायची, वेगळा सेन्सर नाही. तुमच्या किड्यात एसजी-९०ची मोटर फार करंट ओढते, आयसीला ते झेपत नाही, म्हणून मध्ये ड्रायव्हर लागतो आणि हे बरंचसं जातं. पुढच्या किड्याला कमी करंटच्या गिअर मोटरी आणि ७४एसी२४० घ्या, मग हे स्वतः बघाल. अर्दुइनोमध्ये हे करता येतं, पण तिथे ते आपण लिहावं लागतं. इथे ते वायरीतच आहे. पोराला हे हाताने जाणवू दे, एवढंच माझं म्हणणं.

टूलरूमवाला

वीज सोल्डरगंध यांनी सांगितली, मी लोखंडाचं बोलतो. चिंचवडला टूलरूममध्ये काम करतो, पायांचा अनुभव आहे.

जागेवर डुलतो याचा अर्थ पुढची मोटर सरळ उभी बसवली असणार. मागच्या मोटरचा शाफ्ट उभाच हवा, म्हणजे मागचे पाय जमिनीला समांतर मागेपुढे होतात. पुढच्या मोटरचा शाफ्ट साधारण ३० अंश कलता हवा. मग पुढचा एक पाय पुढे जाताना उचललाही जातो आणि त्याच वेळी दुसरा मागे जाताना खाली दाबतो. अंगाचा भार दाबलेल्या पायावर गेला की समोरचा कोपरा मोकळा होतो आणि मागचे पाय ढकलतात. उचल नसेल तर चारही पाय फरशीवर घासत राहतात, जेवढं पुढे तेवढंच मागे.

कोन फार वाढवला तर उचल भरपूर आणि पाऊल आखूड. ३० पासून सुरू करून दोन्हीकडे सरकवून बघा. मी अॅल्युमिनियमच्या पट्टीला वाकवून कोनाचा ब्रॅकेट करतो, एका स्क्रूवर ढिला ठेवतो आणि चाल जमली की आवळतो.

पायाची लांबी तपासा. एसजी-९०चा टॉर्क १.८ किलो-सेंटिमीटर सांगतात, तोही मोटर अडकून थांबते त्या क्षणाचा. १० सेंटिमीटर लांब पायाच्या टोकाला फार तर १८० ग्रॅम. चार ट्रिपल-ए सेलच ५० ग्रॅमच्या आसपास, सर्वो १८, वर बोर्ड आणि पट्ट्या. पाय ६-७ सेंटिमीटरच्या पुढे नेऊ नका. स्पोक २ मिलिमीटरचा असतो, कडक असतो, तो उत्तम. वाकवताना पक्कडीचे दात लागू देऊ नका, तिथेच नंतर तुटतो. टोकाला हीटश्रिंक स्लीव्ह चढवा, फरशीवर पकड येते.

सेलचा डबा मागेपुढे सरकेल असा बसवा. बोटावर तोलून बघा, तोल पुढच्या आणि मागच्या पायांच्या मधोमध यायला हवा. आणि सर्वोचा बोर्ड काढल्यामुळे आतला पोटेन्शिओमीटर (शाफ्टचा कोन मोजणारा भाग) कामाचा राहिला नाही, पायाला मधली जागा माहीतच नाही. ताल एकीकडे झुकला की पाय सरकत जाऊन आतल्या प्लास्टिकच्या अडणीवर आदळतात, नायलॉनचे दाते जातात. दोन्ही बाजूंनी हलक्या स्प्रिंगा लावून पाय मध्याकडे ओढून धरा. बॉलपेनच्या स्प्रिंगा ताणून चालतात.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. कळफलक, तुमचाही कोड जपून ठेवेन, दहावीच्या मुलांना दोन्ही रीती शेजारी ठेवून दाखवायला आवडेल.

फोटोडायोड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एका ओळखीच्यांनी आणले. बोर्ड नव्याने केला. पुढची मोटर कलती केली, स्प्रिंगा लावल्या, पाय कापून आखूड केले. आणि तो चालला! बैठकीच्या खोलीत मधोमध ठेवला तर मोठं वळण घेत खिडकीपाशी गेला. भाचा त्याच्यामागे रांगत होता.

मागच्या जोडीला ४७० किलोओमपेक्षा ३३० वर चाल जास्त स्वच्छ वाटते. ते बरोबर का?

आणि एक विचित्र दिसलं. दिवसा खोलीत ट्यूब चालू असली तरी तो खिडकीकडेच जातो, खिडकीतून येणारा उजेड आपल्या डोळ्यांना ट्यूबपेक्षा जास्त वाटत नसतानाही. रात्री एलईडी ट्यूबकडे फार लक्ष देत नाही. पण देवघरातला जुना पिवळा बल्ब खाली धरला की लगेच वळतो. भाचा म्हणतो त्याला पिवळा रंग आवडतो. मला खरं कारण हवंय. शिवाय त्याला आता पाठीवर सोलर पॅनेल लावायचंय. जमेल?

सोल्डरगंध

ताई, वाचून फार आनंद झाला. ३३० बरोबरच आहे. तुमचे पाय आखूड झाले, त्यामुळे पाऊल लवकर पुरं होतं, मग मागच्यांनीही लवकर निघायला हवं. कानाने ठरवा. चाल जमलेली असली की मोटरींचा आवाज सलग येतो, मध्ये धाप लागल्यासारखा थांबत नाही.

बल्बचं कारण रंगात नाही, आपल्याला न दिसणाऱ्या उजेडात आहे. बीपीडब्ल्यू३४ला सगळ्यात जास्त दिसतं ते ९०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे अवरक्त (इन्फ्रारेड). आपले डोळे ७०० च्या पुढे जवळजवळ आंधळे. तारेचा पिवळा बल्ब आपली बहुतेक ताकद अवरक्तातच टाकतो, सूर्यप्रकाशातही ते भरपूर असतं, आणि पांढऱ्या एलईडीत जवळजवळ नसतंच. म्हणून ट्यूब त्याच्यासाठी अंधुक आणि खिडकी लख्ख. भाच्याला टीव्हीचा रिमोट किड्यासमोर धरून बटण दाबायला सांगा. आपल्याला काहीच दिसत नाही, पण मीटरवर डायोडचा करंट हललेला त्याला दिसेल. काही मोबाइलच्या कॅमेऱ्यातून रिमोटचा तो दिवा जांभळट लुकलुकतानाही दिसतो.

वळण मोठं येतं म्हणालात, ते तसंच राहणार. दोन मोटरींच्या किड्याची ती मर्यादा आहे, कार एवढ्याशा गल्लीत वळत नाही हे धरून चालायचं. टाचेवर फिरायला हवा असेल तर मधल्या सांध्याला तिसरी मोटर द्यावी लागते, म्हणजे पुढचं आणि मागचं अंग एकमेकांपासून वाकतं. तो पुढचा प्रकल्प करा.

पॅनेलचं मात्र या किड्यावर करू नका. या दोन मोटरी चालताना जेवढं ओढतात तेवढं हातभर पॅनेलशिवाय मिळणार नाही, आणि तेवढं वजन हे पाय उचलणार नाहीत. उन्हावर चालणाऱ्या किड्यांची जात वेगळी. त्यांत छोटं पॅनेल मोठा कंडेन्सर भरत राहतं, किडा निपचित पडलेला असतो, आणि कंडेन्सर पुरेसा भरला की सगळं एकदम मोटरीत ओतून एक झेप घेतो, परत थांबतो. त्याला बिनकामाच्या सीडी प्लेयरमधली छोटी मोटर चालते, ती फार थोड्या करंटवर फिरते. भाच्याला ते करायचं असेल तर वेगळा धागा काढा, सर्किट काढून देतो.

शाळेत दाखवणार असाल तर हॉलमध्ये खिडक्यांचे पडदे लावून घ्या, आणि ४० वॅटचा तारेचा बल्ब होल्डरसकट सोबत न्या. भर उन्हात मैदानावर नेऊ नका. तिथे दोन्ही डोळे भरून जातात, डावं-उजवं समजत नाही आणि तो सरळ चालत सुटतो. सर्वोच्या नायलॉन गिअरचा एक जादा संच पिशवीत असू द्या. मुलं त्याचा पाय धरून बघणारच.